पंधरा दिवसांचं मौन

धक्का तसा किरकोळच होता. सातव्या मजल्यावरून निघालेली लिफ्ट पाचवा मजला ओलांडून थोडी खाली आली आणि एकदा हिसका देऊन थांबली. दिवा गेला, पंख्याची घरघर गेली आणि ज्योतीराम मास्कच्या आतला स्वतःचा श्वास ऐकत अंधारात उभा राहिला. गुरुवारी लिफ्ट धरायची नसते हे त्याच्या उशिरा ध्यानात आलं. गुरुवारी कंपनीला सुट्टी, गुरुवारीच वीजवाल्यांची दुरुस्ती, आणि नेमका त्याच दिवशी सोसायटीचा जनरेटर रुसून बसतो. चिखलीत राहायला येऊन अकरा वर्षं झाली होती आणि गुरुवारी जिन्यानं उतरायचं हे त्याच्या पायांनाही पाठ झालेलं. पण आज घाई होती, आणि घाईनं त्याचं आयुष्यात कधी भलं केलं नव्हतं. डॉक्टर वर्षाली त्याच्यासारख्या पेशंटांना फक्त गुरुवारी बघतात, तेही साडेअकरापर्यंत. त्यांच्यापुढं जाऊन एक गोष्ट कबूल करायची, असं त्यानं नऊ दिवस कुढत काढल्यावर आज कुठं ठरवलं होतं. बायकोला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला त्यानं वहीत लिहून दाखवलं, ‘चष्म्याची काडी बसवून आणतो.’ विजयश्रीनं नुसती मान हलवली. हल्ली सकाळच्या वेळी ती काही बोलतच नसे.

मोबाइलला रेंज नव्हती. त्यानं अलार्मचं बटण दाबलं. भिंतीतल्या जाळीतून आधी खरखर आली आणि मग वॉचमन कोंडाजीचा आवाज. “कोण हाय? कुठल्या मजल्याव आडकलाय?” ज्योतीरामनं ‘पाच आणि चारच्या मधे’ असं म्हणायला जीभ उचलली. जीभ जागेवर गेली, शब्द तयार झाला, आणि वारा सुटावा तसा तोंडातल्या प्लेटच्या कडेनं वर नाकात निघून गेला. बाहेर आलं ते एक लांबलचक घुमणं, मडक्यात तोंड घालून कण्हल्यासारखं. “आँ? नीट बोला की राव, काय कळंना,” कोंडाजी म्हणाला. त्यानं परत प्रयत्न केला, या वेळी जोर लावून, आणि जोर लावल्यावर तर आणखीच सगळं नाकातून गेलं. “ह्ये बघा,” कोंडाजीचा आवाज चढला, “चेष्टा करायची येळ न्हाई ही. मी हितं एकटा मानूस हाय. बोलायचं आसंल तर बोला, न्हायतर बटन सोडा.” ज्योतीरामनं बटण सोडलं. कोंडाजीचा त्याला राग आला नाही. रोज सकाळी ‘रामराम सायेब’ म्हणणाऱ्या माणसाला आपण चेष्टा करणारं कुणी टवाळ वाटलो, याची त्याला इतकी लाज वाटली की पुन्हा बटण दाबायला बोटच पुढं होईना. स्टीलच्या भिंतीला पाठ लावून तो खाली बसला. डब्यात कोंडलेल्या माणसाच्या तोंडावर मास्क, मास्कमागं प्लेट, प्लेटमागं भोक. एकात एक किती दारं लावून घेतलीत आपण, असं त्याच्या मनात आलं.

सव्वा वर्षापूर्वी त्याचा वरचा डावा जबडा काढला. अर्धी टाळू, त्या बाजूचे सगळे दात, गालामागचं हाड, जे जे गाठीनं धरलं होतं ते सगळं. सर्जननं आधी कागदावर चित्र काढून दाखवलं होतं, आणि ज्योतीरामनं ते ड्रॉइंग वाचावं तसं वाचलं होतं, हे सेक्शन कापायचं, हे ठेवायचं. कागदावर सोपं होतं. पाचव्या दिवशी नळी काढून वाटीनं पाणी पाजायला विजयश्री पुढं झाली, आणि पहिला घोट तोंडात गेला तसा नाकावाटे तिच्या हातावर आला. तिनं ते पदरानं पुसलं. त्यानं मात्र तिला खुणेनं बाहेर जायला सांगितलं, आणि तेव्हापासून आजपर्यंत त्याचं उघडं तोंड तिनं पाहिलेलं नव्हतं. प्लेट धुवायची तर मोरीला आतून कडी. रात्री ती काढून झाकणाच्या डब्यात पाण्यात ठेवायची तर दिवा मालवून. तोंड आक्रसू नये म्हणून आइस्क्रीमच्या काड्यांची गड्डी दातांत धरायचा व्यायाम दिलेला होता, जमेल तशी एकेक काडी वाढवायची. तो अकरा काड्यांवर आला होता, पण तेही भिंतीकडं तोंड करून. चोवीस वर्षं एका ताटात जेवलेली बाई, आणि तिच्यापासून तो तोंड लपवत होता, चोरीचा माल असावा तसं.

प्लेट मात्र नामी बनली होती. चाकणच्या कारखान्यात टूलरूमला त्याची सत्तावीस वर्षं गेलेली. साच्याची दोन अर्धुकं अशी बसवायची की मधून उजेडाची रेघसुद्धा दिसता कामा नये, हेच त्याचं काम. त्यामुळं डॉक्टर वर्षालींनी मऊ गुलाबी लगदा तोंडात भरून माप घेतलं, मेणाचा नमुना केला, साचा ओतला, तेव्हा तो पेशंट कमी आणि सुपरवायझर जास्त झाला होता. वर खोट्या टाळूसारखी पातळ प्लेट, आणि तिच्यावर त्या भोकात नेमका बसणारा पोकळ गोळा. वजन लागू नये म्हणून पोकळ. त्यानं वहीत लिहून विचारलं होतं, ‘क्लिअरन्स, म्हणजे मधली फट, किती ठेवता?’ त्या मनापासून हसल्या. म्हणाल्या, “काका, तुमचं लोखंड सर्दी झाली म्हणून सुजत नाही. माझं सुजतं. म्हणून मी थोडं थोडं बघत जाते. दुखलं तर माझ्याकडं यायचं, घरी काही करायचं नाही.” प्लेट पहिल्यांदा बसवली त्या दिवशी डेंटल कॉलेजच्या दवाखान्याच्या बाकावर विजयश्री पिशवी धरून बसली होती. तो बाहेर आला आणि म्हणाला, “विजू, चल.” विजू खणखणीत आलं, चल खणखणीत आलं. ती पिशवी तिथंच ठेवून रडायला लागली, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना सांगत सुटली, बोलले, हे बोलले. दोन महिन्यांनी तो कामावर रुजू झाला. टूलरूममध्ये त्याला हार घातला, आणि त्यानं आभाराची चार वाक्यं म्हटली. चारही सगळ्यांना कळली.

मग मागच्या महिन्यात त्याला सर्दी झाली. आतलं सगळं सुजलं आणि गोळा डाव्या अंगाला असा रुतायला लागला की डोळ्यांतून पाणी यावं. गुरुवार चार दिवसांवर होता. दुसरा कोणी असता तर चार दिवस दूध-भात खाऊन पडून राहिला असता. पण नेमकं कुठं लागतंय हे एकदा कळलं की फिटरचा हात शिवशिवतो, आणि इथंच ज्योतीरामचं घोडं पेंड खायला लागलं. तोंड येतं तेव्हा लावायचं जांभळं औषध घरात होतं. मोरीला कडी लावून त्यानं ते गोळ्यावर फासलं, प्लेट घातली, काढली. जिथला रंग पुसला गेला तो उंचवटा. कंपनीत साच्यांचे उंचवटे तो असेच शोधत आला होता. तिथं त्यानं बारीक कानस फिरवली, मग पॉलिशपेपर, मग परत रंग. तीन संध्याकाळी हा उद्योग चालला. हात इतका सफाईदार चालत होता की त्या तीन दिवसांत तो आजारी माणूस नव्हताच, मोरीच्या पिवळ्या दिव्याखाली बसलेला पहिल्या नंबरचा कारागीर होता. चौथ्या दिवशी प्लेट लोण्यासारखी बसली. दुखणं गेलं म्हणून डॉक्टरांकडं जायचंही राहिलं. आणि आठवड्यानं सर्दी गेली, सूज उतरली, आणि कारागिराला कळलं की त्यानं सुजेच्या मापानं जॉब कापला होता. कॅन्टीनमध्ये चहाचा घोट घेतला तो निम्मा नाकातून मास्कमध्ये आला. दिलेल्या हाकेला ओ दिली तर ओ ऐवजी घुमणं आलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बरं, नुसती चूक असती तर त्यानं ती दुसऱ्याच दिवशी पदरात घेतली असती. पण ज्यांनी त्याच्या हातात पहिल्यांदा कानस दिली त्या मारुतराव उस्तादांचा टूलरूममध्ये एकच कायदा होता, दुसऱ्याच्या जॉबला त्याच्या माघारी कानस लावायची नाही. चोरी चालेल, हे चालणार नाही. असं केलेल्या एका फिटरशी त्यांनी निवृत्त होईपर्यंत भाषण ठेवलं नव्हतं. तो कायदा ज्योतीराम स्वतः नव्या पोरांना वीस वर्षं ऐकवत आला, आणि आता डॉक्टर वर्षालींनी सहा बैठका घालून केलेला जॉब त्यानं मोरीत बसून बिघडवला होता. त्यांना काय तोंड दाखवायचं, हा प्रश्न त्याला अगदी सरळ अर्थानं पडला. चहा नाकातून आला त्या दिवशी संध्याकाळी विजयश्रीनं विचारलं, “का हो, बोलत का नाही?” तेव्हा त्यानं वही ओढली आणि हाताला सुचलं ते लिहिलं, ‘डॉक्टरांनी पंधरा दिवस मौन सांगितलंय. आतल्या जखमेला आराम.’ लिहून झाल्यावर त्याला हलकं वाटलं. कंपनीतही तीच वही दाखवली. मशिनींच्या गोंगाटात तसंही कोण कुणाचं ऐकतं, खुणांवर निभावलं.

घरी निभावलं नाही. विजयश्रीनं मौन जसंच्या तसं अंगावर घेतलं. बार्शीला, तळेगावला नातेवाइकांना, मुलीला बंगळूरला फोन करून सांगितलं, यांना फोन करू नका. कॅलेंडरवर पंधराव्या दिवसाला कुंकवाचं बोट लावलं. आणि मग, तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून, ती स्वतःच गप्प झाली. जी बाई पोळ्या लाटताना पोळपाटाशी बोलायची, गॅलरीतून खालच्या भाजीवाल्याला मेथी जून आहे म्हणून झापायची, ती सकाळी उठल्यापासून दुपारपर्यंत तोंडातून ब्र काढेना. चहा ठेवायची, डबा भरायची, त्याच्याकडं बघायची आणि वळायची. ज्योतीरामला कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. ती गप्प झाली त्याच्या आदल्याच दिवशी दूध पिताना ते नाकातून आलेलं तिनं पाहिलं होतं, भिजलेला रुमाल तिच्याच हातात धुवायला गेला होता. वास येत असेल. वीट आला असेल. येणारच, माणूसच आहे ती. रात्री ती झोपल्यावर तो तिच्या पाठीकडं बघत पडायचा आणि मनात म्हणायचा, हिनं एकदा भांडावं तरी. हे गप्प राहणं सोसवत नाही. आणि तिच्याशी भांडण काढायला त्याच्याकडं आवाज कुठं होता? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तोही आपल्याच हातानं.

अंधारात किती वेळ गेला कळेना. मोबाइल अकरा वाजून सहा मिनिटं दाखवत होता. साडेअकराला डॉक्टर उठणार, म्हणजे परत पुढचा गुरुवार, आणि तोवर पंधरा दिवस संपून कुंकवाचा दिवस उलटून गेलेला. हवा जड झाली होती. मास्क घामानं तोंडाला चिकटला, तेव्हा त्यानं तो काढून खिशात कोंबला. मग वर कुठंतरी चपला वाजल्या. चपला थांबल्या आणि कोंडाजी कुणाला तरी म्हणाला, “कोण हाय कळंना ताई. नुसतंच घुमतंय. मला वाटलं कुनीतरी पिऊन बसलंय.”

“अहो कोंडाजीभाऊ, आमचे मालक आहेत ते!” विजयश्रीचा आवाज डोक्याच्या वर हातभर अंतरावरून आला. “आत्ता निघालेत घरातून. त्यांना बोलायचं नाही, मौन दिलंय डॉक्टरांनी.”

“आरारारा. मला काय म्हाईत ताई. मी लिफ्टवाल्याला फोन लावलाय, आन् लाइट यील आर्ध्या तासात. हलू नगा म्हनावं,” म्हणत कोंडाजीच्या चपला खाली गेल्या.

“अहो,” ती पाचव्या मजल्यावरच्या दाराच्या फटीला तोंड लावून बोलत असावी, “तुम्ही अजिबात बोलू नका. मी विचारते, तुम्ही दारावर वाजवा. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. बरे आहात ना?”

त्यानं एकदा वाजवलं.

“गुदमरत नाही ना?”

दोनदा.

“मी बसते इथंच.” ती खाली बसल्याचा, बांगड्या फरशीला लागल्याचा आवाज झाला. मग ती एकदम म्हणाली, “मोडलं बघा माझं.” तो वर बघत राहिला. “तुम्हाला सांगणार नव्हते. सांगितलं तर फळ मिळत नाही म्हणतात. तुमचं मौन सुरू झालं ना, मी पण धरलं. रोज उठल्यापासून बारा वाजेपर्यंत. तुम्ही पंधरा दिवस गप्प बसायचं आणि मी मेली तोंडाची टकळी चालवायची, मला बरं वाटेना. म्हटलं, तुमचं निम्मं मी घेते. फार अवघड हो. परवा दूध उतू गेलं तर मी ओरडायचं म्हणून तोंडात पदर कोंबला.” ती हसली. “आज सहावा दिवस होता. आज मोडलं. जाऊ दे, उद्यापासून परत धरीन, दोन दिवस वाढवीन.”

ज्योतीरामनं गुडघ्यावर कपाळ टेकलं. त्याला वाटलं होतं तसलं काहीच नव्हतं. वीट नव्हता, वास नव्हता. एका खोट्या चिठ्ठीपायी ही बाई अर्धा अर्धा दिवस तोंडात पदर कोंबून फिरत होती आणि तो रात्री तिच्या पाठीवर आरोप ठेवत होता. त्याला स्वतःची इतकी किळस आली, जितकी ते भोक पहिल्यांदा आरशात बघतानाही आली नव्हती.

“एवढं सांगा,” ती म्हणाली, आवाज खाली आणून. “पडतोय ना फरक? मौनानं?”

त्यानं मूठ उचलली आणि ती तशीच राहिली. एकदा वाजवावं तर खोटं पुढं चालू, उद्यापासून ती पुन्हा तोंडात पदर कोंबणार, वर दोन दिवस जास्त. दोनदा वाजवावं तर तिला एकच अर्थ कळणार, तो म्हणजे ते परत आलं, गाठ परत आली, आणि ती इथं जिन्यात बसल्या जागी खचणार. ‘नाही’ म्हणजे काय नाही, हे मुठीला सांगता येत नव्हतं. खिशात वही होती, पेन होतं, आणि डब्याच्या आतल्या स्टीलच्या दाराला एवढीशीही फट नव्हती की कागद सरकवावा.

“अहो?” ती म्हणाली. “ऐकताय ना? वाजवा ना. एकदा का दोनदा?” आणि मग अगदी बारीक आवाजात, “दोनदा असलं तरी वाजवा. मी घट्ट आहे.”

ती घट्ट नव्हती, हे त्या आवाजावरूनच कळत होतं. ज्योतीराम उठून उभा राहिला. दाराला हात टेकले, मान वर केली, आणि जीभ सैल प्लेटवर टेकवून त्यानं बोलायला सुरुवात केली. मी घासली प्लेट. मला डॉक्टरांनी मौन सांगितलेलं नाही. मी खोटं लिहिलं. कोंदट डब्यात ते घुमणं चहूकडून त्याच्याच अंगावर आलं, ओलं, कुरूप, न थांबणारं.

“बोलू नका!” ती किंचाळली. “अहो, जखम फाटेल, बोलू नका, माझी शपथ आहे तुम्हाला!”

तो बोलत राहिला. शपथ मोडून बोलला, नाकातून पाणी ओठावर आलं ते न पुसता बोलला. मोरी, कानस, जांभळं औषध, मारुतराव, सगळं. तिला त्यातलं काय पोहोचत होतं देव जाणे. श्वास संपला तेव्हा थांबला. वर काहीच आवाज नव्हता. ती उठून गेली असावी असं त्याला वाटलं.

दिवा भपकन लागला, पंखा घरघरला. लिफ्टच्या आरशात त्याला स्वतःचं तोंड दिसलं, मास्कशिवाय, डावा गाल आत गेलेलं, हनुवटीपर्यंत ओलं. खालून कोंडाजी ओरडला, “सायेब, लाइट आली! ग्राउंडचं बटन दाबा, यील खाली!” अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती. रिक्षा लगेच मिळाली तर डॉक्टर अजून सापडल्या असत्या.

“नुसतं ‘मी, मी’ एवढंच कळतंय हो,” विजयश्री वरून म्हणाली. ती तिथंच होती, आवाज भरून आलेला होता. “पुढचं काहीच कळत नाही. परत सांगा.”

त्याचं बोट बटणावर होतं. ते त्यानं काढून घेतलं आणि पहिल्यापासून सांगायला लागला.